पैसे घ्या, पण ‘हक्क राखून’ असं लिहूनच

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

‘सातबाऱ्यावर आई, भाऊ, मी आणि चुलतभाऊ अशी चार नावं आहेत. एकूण जमीन १ हेक्टर ६० आर. राज्य रस्त्याच्या रुंदीकरणात त्यातली ४० आर गेली, विहीरही त्यातच गेली. तीन आठवड्यांपूर्वी निवाडा जाहीर झाला, तेव्हा आई हजर होती. निवाड्यात विहीर आणि डाळिंबाची झाडं धरलेलीच नाहीत. गावात सगळे सांगतात, सही करा आणि पैसे घ्या, नाहीतर परत जातील. वाटणीवरून भांडण होऊन चुलतभावानं माझ्या भावावर कोयत्यानं वार केला. उजव्या हाताची तीन बोटं निकामी झाली. गुन्हा नोंद आहे, चुलतभाऊ जामिनावर आहे. आता म्हणतो, केस मागे घ्या, मग वाटणीच्या कागदावर सही करतो. मारहाणीचीही सरकार भरपाई देतं असं कुणीतरी सांगितलं. दोन्ही मिळतात का? आधी काय करू?’

ताई, भरपाई दोन्हीकडून मागता येते. जमिनीचा मोबदला घेतला म्हणून भावाच्या इजेच्या भरपाईला बाध येत नाही, आणि इजेची भरपाई मागितली म्हणून जमिनीचा मोबदला अडत नाही. कायदे वेगळे, कार्यालयं वेगळी, मुदतीही वेगळ्या. तुमच्या पत्रात या दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत, आणि चुलतभाऊ त्या मुद्दाम गुंतवतो आहे. तुम्ही मात्र त्या पहिल्या दिवसापासून वेगळ्या ठेवा. दोन फायली करा.

घाई जमिनीची आहे, म्हणून आधी तिचं बघू.

निवाड्याची, म्हणजे मोबदला ठरवणाऱ्या आदेशाची, प्रत हातात घ्या आणि अगदी वरच्या ओळीत कोणता कायदा लिहिलाय ते वाचा. तिथे भूसंपादनाचा २०१३ चा कायदा असेल, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज कलम ६४ खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. व्यवहारात तो भूसंपादन अधिकाऱ्यांच्या कार्यालयात देतात. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ असेल, तर कलम ६४ लागू होत नाही. तिथे कलम ३-जी (५) खाली लवादाकडे जावं लागतं. त्या प्रकरणांतही दिलासा रक्कम (जमीन सक्तीनं घेतली म्हणून मोबदल्यावर मिळणारी जादा रक्कम) आणि व्याज द्यावंच लागतं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल आहे. तुमचा रस्ता राज्याचा आहे म्हणता, त्यामुळे पुढचं सगळं २०१३ चा कायदा धरून सांगतो. पण वरची ओळ वाचल्याशिवाय अर्ज टाइप करू नका. चुकीच्या कलमाखालचा अर्ज महिनोन्महिने टेबलावर पडून राहतो आणि मुदत निघून जाते.

आता मुदत. निवाडा जाहीर होताना जो स्वतः किंवा वकिलामार्फत हजर होता, त्याला त्या दिवसापासून ६ आठवडे मिळतात. जो हजर नव्हता, त्याला नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यांपैकी जे आधी संपेल ते. आई हजर होती, म्हणजे तिची निम्मी मुदत गेली. तुमची आणि भावाची मुदत कदाचित थोडी पुढे असेल, पण तो हिशेब करत बसू नका. तिघांचेही अर्ज आईच्या मुदतीच्या आत द्या. पुरेसं कारण दाखवलं तर जिल्हाधिकारी आणखी एक वर्षापर्यंत उशिराचा अर्ज घेऊ शकतात, आणि भावाची दवाखान्याची कागदपत्रं हे कारण म्हणून चालतील. पण ते घेणं न घेणं त्यांच्या समाधानावर आहे. अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत तो प्राधिकरणाकडे, म्हणजे भूसंपादनाच्या मोबदल्याचे वाद ऐकणाऱ्या यंत्रणेकडे, पाठवणं हे जिल्हाधिकाऱ्यांचं काम आहे. म्हणून आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का असलेली पोच तिथल्या तिथे घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं धरा.

‘पैसे परत जातील’ हे खरं नाही. कुणी रक्कम घेतली नाही किंवा हिश्श्यावर वाद असला, तर कलम ७७ प्रमाणे ती प्राधिकरणात जमा करतात. ती सरकारच्या तिजोरीत परत जात नाही. शिवाय पूर्ण मोबदला दिल्याशिवाय जमिनीचा ताबा घेता येत नाही, आणि मोबदला देण्यासाठी निवाड्यापासून ३ महिन्यांची मर्यादा सरकारवर आहे. ताबा आधी घेतला आणि पैसे मागाहून दिले, तर पहिल्या वर्षाला ९ टक्के आणि त्यानंतर १५ टक्के व्याज देणं लागतं.

पैसे नाकारायचीही गरज नाही. कायदा म्हणतो की ज्यानं निषेध न नोंदवता रक्कम घेतली, त्याला कलम ६४ चा अर्ज करता येत नाही. सगळी मेख इथेच आहे. निषेध नोंदवून घेतली तर पैसेही हातात येतात आणि वाढीव मागणीही जिवंत राहते. पैसे घेताना जिथे जिथे सही कराल, तिथे सहीच्या वर स्वतःच्या हातानं लिहा: ‘ही रक्कम मला अपुरी वाटते. भूसंपादन अधिनियम २०१३ च्या कलम ६४ खालील माझा हक्क राखून, निषेध नोंदवून स्वीकारत आहे.’ खाली तारीख घाला. हल्ली रक्कम थेट खात्यावर येते, पावतीवर लिहायला जागाच मिळत नाही. म्हणून बँकेचा तपशील देण्याच्या आधी याच मजकुराचं वेगळं पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. पत्रावरची तारीख पैसे जमा होण्याच्या आधीची असली पाहिजे.

आणखी एक कागद पुढे येईल, तो म्हणजे हमीपत्र. त्यात बहुतेक छापील मजकूर असतो आणि मध्येच कुठेतरी ‘निवाडा मला मान्य असून यापुढे वाढीव मोबदल्याची मागणी करणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य दडलेलं असतं. ते वाक्य आडवी रेघ मारून खोडा आणि बाजूला सही करा. ‘असं चालत नाही’ असं कुणी म्हणालं, तर तसं लेखी मागा. लेखी देणार नाहीत. ‘थेट खरेदी’ किंवा संमतीचा करारनामा पुढे केला तर त्या दिवशी सही करू नका, घरी आणून वाचा. थेट खरेदीत रक्कम चढी आणि लवकर मिळते हे खरं, पण खरेदीखत झालं की वाढीव मोबदल्याचा रस्ता बंद होतो.

मोबदला किती व्हायला हवा, हे स्वतः काढता आलं पाहिजे. जमिनीची मूळ किंमत ठरवताना मुद्रांक शुल्काच्या दरतक्त्यातला, म्हणजे रेडी रेकनरचा दर आणि आसपासच्या तशाच जमिनींच्या खरेदीखतांची सरासरी, यांपैकी जे जास्त असेल ते धरायचं असतं. संमतीनं ठरलेली रक्कम असेल तर तीही या तुलनेत येते. खरेदीखतं आधीच्या ३ वर्षांतली घ्यायची आणि त्यांतली जास्त किमतीची निम्मीच धरायची. हे ‘निम्मी’ बऱ्याच निवाड्यांत हरवतं. समजा ८ खरेदीखतं मिळाली आणि हेक्टरी दर ९, १०, ११, १२, १५, १७, १९ आणि २१ लाख निघाले. सगळ्यांची सरासरी सव्वाचौदा लाख येते. वरच्या चारांची येते १८ लाख. कायद्यानं १८ धरायचे. दरतक्ता १२ लाख म्हणत असेल आणि निवाड्यात तोच धरला असेल, तर तुमचा पहिला आक्षेप इथेच तयार झाला.

यातून फरक किती पडतो ते पाहा. १२ लाखांच्या दरानं ४० आरचे ४ लाख ८० हजार होतात. ग्रामीण भागात या रकमेला गुणांक लावतात. तो १ ते २ यांमध्ये असतो आणि राज्य सरकार अधिसूचनेनं ठरवतं. २ धरला तर ९ लाख ६० हजार, आणि त्यावर तेवढीच दिलासा रक्कम मिळून १९ लाख २० हजार. आता १८ लाखांचा दर घ्या: ७ लाख २० हजार, गुणांकानंतर १४ लाख ४० हजार. विहीर आणि झाडं मिळून समजा ३ लाख ६० हजार ठरले, तर बेरीज १८ लाख. दिलासा रक्कम विहीर आणि झाडांवरही मिळते, म्हणून आणखी १८ लाख. एकूण ३६ लाख. जमीन तीच, ४० आरच, आणि रकमेत जवळपास दुपटीचा फरक.

याशिवाय मूळ बाजारमूल्यावर वर्षाला १२ टक्के मिळतात. सामाजिक परिणाम मूल्यमापनाच्या अधिसूचनेपासून निवाडा किंवा ताबा, जे आधी होईल तिथपर्यंत. ते मूल्यमापन वगळलं असेल तर कलम ११ च्या अधिसूचनेपासून मागा. १४ महिने झाले असतील तर ७ लाख २० हजारांवर १ लाख ८०० रुपये होतात. गुणांकाबाबत एवढंच सांगतो की महाराष्ट्रात तो वेळोवेळी बदलला आहे आणि सगळ्या प्रकल्पांना एकसारखा नाही. तुमच्या निवाड्यात कोणता धरला आणि कोणत्या अधिसूचनेच्या आधारे, हे लेखी विचारा.

खरेदीखतं शोधायला कुणाला पैसे देऊ नका. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये गाव आणि गट क्रमांक टाकून इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहाराचा गोषवारा, बघता येतो. शेजारच्या दोन-तीन गावांतलेही काढा. रस्त्यालगतचे, बागायती जमिनींचे आणि क्षेत्रानं तुमच्याजवळ येणारे व्यवहार निवडा, मग प्रमाणित नकला घ्या.

विहीर सुटली याकडे ‘एक नग राहिला’ असं पाहू नका. विहीर कागदावर नाही म्हणजे जमीन जिरायत, आणि जिरायतीचा दर बागायतीपेक्षा कमी. एका नोंदीनं दोनदा मार बसतो. तिसरा मार तर बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. विहीर गेली म्हणजे उरलेल्या १ हेक्टर २० आरचं पाणी गेलं. उरलेल्या जमिनीचं होणारं असं नुकसान, तिचे तुकडे पडणं, उत्पन्न घटणं हे सगळं कलम २८ प्रमाणे मोबदला ठरवताना विचारात घ्यावं लागतं. तेव्हा अर्जात तीन मागण्या स्वतंत्रपणे लिहा: विहिरीची किंमत, जमीन बागायत धरून दर, आणि उरलेल्या क्षेत्राचं पाणी तुटल्याचं नुकसान.

पुरावा घरातच सापडेल. गेल्या पाच वर्षांचे सातबारे काढा आणि गाव नमुना बारामध्ये पाण्याचं साधन म्हणून विहीर लिहिली आहे का ते बघा. कृषिपंपाची वीजबिलं, डाळिंबाच्या कलमांचं रोपवाटिकेचं बिल, पीक विम्याची पावती, ई-पीक पाहणीतली नोंद जमवा. आणि आडत्याची पट्टी. तिच्यावर तारीख, माल, वजन आणि दर असतो, म्हणून बाग फळं देत होती याला तिच्याइतका सरळ पुरावा दुसरा नाही. संयुक्त मोजणीचा नकाशा आणि त्यावेळचा पंचनामा माहितीच्या अधिकारात मागवा. पंचनाम्यात विहीर असेल आणि निवाड्यात उतरली नसेल, तर ती लेखनातली चूक ठरू शकते, आणि अशी चूक जिल्हाधिकारी निवाड्यापासून ६ महिन्यांच्या आत दुरुस्त करू शकतात. पंचनाम्यातच नसेल तर दुरुस्तीच्या अर्जानं भागणार नाही. दोन्ही अर्ज द्या, पण दुरुस्तीची वाट बघत कलम ६४ ची मुदत घालवू नका. पोकलेन येण्याआधी विहिरीचे आणि झाडांचे तारीख-ठिकाण दाखवणारे फोटो काढून ठेवा. झाडं मोजा, बुंध्यावर चुन्यानं आकडे टाका, एखादा फोटो शेजारच्या गटाची खूण दिसेल असा घ्या. नंतर तिथे डांबर असेल.

कराचं थोडक्यात. या कायद्याखालच्या निवाड्याच्या रकमेवर कलम ९६ प्रमाणे आयकर नाही. तरी कर कापला गेला असेल तर विवरणपत्र भरून परतावा मागा.

शेजाऱ्यांपैकी कुणी ‘आम्ही वर गेलो की तुम्हालाही आपोआप मिळेल’ म्हणत असेल, तर त्यात अर्धंच खरं आहे. त्याच अधिसूचनेतल्या दुसऱ्या कुणाला प्राधिकरणानं वाढवून दिलं, तर ज्यांनी अर्ज केला नव्हता त्यांना कलम ७३ खाली मागता येतं. पण प्राधिकरणाच्या निकालापासून ३ महिन्यांतच. तो निकाल कधी लागला हे तुम्हाला कुणी कळवायला येत नाही.

आता वाटणी. चुलतभावानं सही केली नाही म्हणून तुमचा वाढीव मोबदल्याचा अर्ज अडत नाही, प्रत्येक हितसंबंधिताला तो स्वतःपुरता करता येतो. अडतं ते पैसे हातात येणं. हिश्श्याचा वाद राहिला तर तो कलम ७६ खाली प्राधिकरणाकडे जातो आणि रक्कम तिथे जमा राहते. उशीर होतो, पण हिस्सा बुडत नाही. उशीर चुलतभावालाही तेवढाच सोसावा लागतो, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही. आणखी एक: ‘बहिणीनं हक्कसोड दिली की काम सोपं होतं’ असं तुम्हाला आता वरचेवर ऐकावं लागेल. नोंदणीकृत हक्कसोडपत्र माघारी घेता येत नाही. या गडबडीत ते करू नका.

आता चुलतभावाचा ‘केस मागे घ्या, मग सही करतो’ हा सौदा. तो नाकारा. धारदार हत्यारानं गंभीर दुखापत हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ११८ (२) खालचा गुन्हा आहे, आणि तो आपसात मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. तुम्ही ‘मागे घेतो’ म्हटलं तरी खटला संपत नाही, तो सरकारचा असतो. संपवायचा तर उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणजे तुम्ही जे देऊच शकत नाही, ते तो मागतो आहे. पण तसं लिहून दिलेला कागद भावाच्या साक्षीच्या वेळी त्याच्याच विरोधात वापरला जाईल. वाटणीच्या कागदात गुन्ह्याचा उल्लेख नको, आणि गुन्ह्याच्या कागदात वाटणीचा नको. धमकी देत असेल तर तारीख-वार लिहून ठेवा, पोलिस ठाण्यात लेखी द्या. सरकारी वकिलांनाही सांगा, कारण जामिनाच्या अटी मोडल्या तर जामीन रद्द करायला ते अर्ज करू शकतात.

भावाच्या भरपाईचे दोन मार्ग आहेत. एक आरोपीकडून: शिक्षा झाली तर न्यायालय दंडातून किंवा वेगळा आदेश देऊन भरपाई देववू शकतं. दुसरा राज्याकडून: भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९६, जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत ३५७-अ होतं. त्याखाली महाराष्ट्राची पीडित नुकसानभरपाई योजना आहे. न्यायालयानं शिफारस केली की रक्कम जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठरवतं आणि चौकशी २ महिन्यांत पुरी करायची असते. आरोपी सुटला तरी, पीडिताला पुनर्वसनाची गरज असेल तर न्यायालय शिफारस करू शकतं. आरोपी सापडलाच नाही, तर पीडित स्वतः थेट विधी सेवा प्राधिकरणाकडे जाऊ शकतो. तुमच्या प्रकरणात आरोपी माहीत आहे आणि खटला चालणार आहे. म्हणून न्यायालयात शिफारशीसाठी अर्ज द्या, आणि त्याच वेळी विधी सेवा प्राधिकरणाकडे तातडीच्या मदतीचा अर्ज करा. उपचाराच्या किंवा इतर अंतरिम मदतीसाठी ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचं किंवा दंडाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र लागतं. ते आत्ताच मागा, कारण अधिकारी बदलला की नव्यानं सगळं समजावावं लागतं.

‘मनोधैर्य’चा फॉर्म कुणी हातात दिला तर तो तुमच्यासाठी नाही. ती योजना बलात्कार, बालकांवरील लैंगिक अत्याचार आणि ॲसिड हल्ला यांतल्या पीडितांसाठी आहे.

भावाच्या भरपाईच्या अर्जात नुसतं ‘तीन बोटं निकामी’ लिहून भागत नाही. भाऊ हातानं काय काम करत होता आणि आता काय करता येत नाही, ते लिहा. फवारणीच्या पंपाचा दांडा उजव्या हातानं ओढता येत नाही, छाटणीची कात्री धरता येत नाही, म्हणून मजूर लावावा लागतो आणि त्याला इतके पैसे जातात. अशी वाक्यं रक्कम ठरवणाऱ्याला उपयोगी पडतात. सोबत एफआयआरची प्रत, दवाखान्यातली पोलिस प्रकरणाची नोंद, डिस्चार्ज कार्ड, बिलं आणि सरकारी रुग्णालयाचं दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र जोडा. एफआयआरची प्रत फुकट मिळते. जखम पूर्ण भरल्यावरच कायमच्या अपंगत्वाची टक्केवारी देतात, त्यामुळे प्रमाणपत्रासाठी अर्ज थांबवू नका, नंतर जोडतो असं लिहा. त्याच इजेसाठी दुसऱ्या योजनेतून काही मिळालं असेल तर ते खरं सांगा. जमिनीच्या मोबदल्याचा याच्याशी संबंध नाही.

तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत पीडिताला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. कळवलं नसेल तर लेखी विचारा. न्यायालयानं दिलेली भरपाई तुटपुंजी वाटली, तर फक्त तेवढ्या मुद्द्यावरही पीडिताला अपील करता येतं.

वकील नेमताना ‘वाढीव रकमेतले इतके टक्के’ असा करार करू नका. वकिलांच्या आचारसंहितेतच त्याला मनाई आहे. तुम्ही आणि आई दोघी स्त्रिया आहात, म्हणून उत्पन्न कितीही असलं तरी तुम्हाला मोफत विधी सहाय्याचा हक्क आहे, जमिनीच्या प्रकरणातसुद्धा. १५१०० या क्रमांकावर फोन करा किंवा तालुका न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा समितीत जा. जाताना दोन फायली न्या. एकीवर निवाड्याची तारीख आणि त्यापुढे ६ आठवडे मोजून येणारी तारीख मोठ्या अक्षरात लिहा. दुसरीवर गुन्हा क्रमांक आणि खटल्याची पुढची तारीख.